गिझरमधला बिघाड

"पेटवून दाखवा," मुलीचा बाप म्हणाला. "माझ्यासमोर पेटवा."

मिस्त्री बाथरूममध्ये शिरला. दार जागेवर नव्हतं. गेल्या आठवड्यात ते फोडावं लागलं होतं, आणि तेव्हापासून भिंतीला टेकून उभं होतं. मुलगी आंघोळीला म्हणून आत गेली, ती बाहेर आली वडिलांच्या हातांवर.

गॅसचा गिझर होता तसाच भिंतीवर होता. मिस्त्रीनेच तो बसवला होता. गेल्या महिन्यात साफसफाई करून जाताना वर फुशारकीही मारली होती, "खणखणीत झालाय. आता वर्षभर माझं तोंड बघायला नको." एरवी त्याच्या तोंडाची टकळी थांबवणं कुणाला जमत नसे. आज त्याने नुसती हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

त्याने नळ सोडला. टिकटिक झाली आणि गिझर पेटला. ज्योत निळीशार, एकसारखी. त्याने वरच्या झाकणावरून बोट फिरवलं, काजळीचा कण लागला नाही. गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा उठला नाही. गिझर कधी दुरुस्त करायचा आणि कधी भंगारात काढायचा, हे ओळखण्यावरच त्याचं पोट होतं. बिघडलेल्याची ज्योत पिवळी पडते, पेटताना तो धप्पकन आवाज करतो. इथे तसलं काही नव्हतं. यंत्र ठणठणीत होतं.

मग त्याने मान वर केली. छताजवळच्या लहान खिडकीच्या पट्ट्यांमध्ये कापडाचा बोळा गच्च कोंबलेला होता.

बसवताना त्याने मुलीच्या आईला बजावलं होतं, "वहिनी, काही करा, पण ही खिडकी कधी बंद करू नका. जळका वायू इथूनच बाहेर जातो. त्याला वास नसतो, माणसाला पत्ताही लागत नाही." वहिनी हो हो म्हणाल्या होत्या. तेव्हा उन्हाळा होता. आता थंडी पडली होती, आणि पोरीला जरा वारा लागला की खोकला धरायचा. पोलीस येऊन पंचनामा करून गेले, शेजारीपाजारी बघून गेले. सगळ्यांनी पाहिलं ते गिझरकडे.

"कशी आहे ज्योत?" बापाने विचारलं. समोर पेटवा म्हणाला खरा, पण तो चौकटीकडे पाठ करून उभा होता. आत बघणं त्याला होत नव्हतं. "बिघडला होता ना? एवढंच सांगा मला. कुणाच्या तरी नावाने बोटं मोडू द्या. देवाच्या नावाने मोडून थकलो मी."

स्वयंपाकघरात इतका वेळ भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मिस्त्री स्टुलावर चढला. बोळा ओढून काढला, खाली उतरून हत्यारांच्या पिशवीत तळाशी दाबला आणि नळ बंद करून ज्योत विझवली. खरं बोललं असतं तर ते या घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर जाऊन पडणार होतं. नवराबायकोला उरलेला जन्म तर याच दोन खोल्यांत काढायचा होता.

"पिवळी आहे," तो म्हणाला. "आतली जाळी सडलीय. गेल्या महिन्यात उघडला तेव्हाच दिसायला हवी होती. माझ्या नजरेतून सुटली."

बाप वळला. त्याने मिस्त्रीच्या कानाखाली अशी लगावली की मिस्त्री स्टुलावर आपटला. आणखी मारेल असं वाटलं, पण बापाच्या हातातलं त्राणच गेलं. तो खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. पोर गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, असं शेजारचे सांगत होते.

"काढ तो," तो रडतारडताच म्हणाला. "घेऊन जा. पोलिसांनाही सांगणार आहे मी. तुला जगू द्यायचा नाही."

"सांगा साहेब," मिस्त्री म्हणाला.

त्याने गॅस बंद केला, नळ्या सोडवल्या, गिझर काढून बगलेत मारला. जिन्यात दोनचार दारं किलकिली झाली होती. या इमारतीत निम्म्या घरांतले गिझर त्याच्या हातचे होते. आता इथे त्याला कुणी उभं करणार नव्हतं, आणि बाकीच्या गल्लीतही बातमी पोचायला वेळ लागणार नव्हता. तरी आपण केलं ते बरंच केलं, असं तो स्वतःला समजावत पायऱ्या उतरत होता.

"दादा."

मुलीची आई मागून उतरत आली होती. अनवाणी, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले.

"गिझरच खराब होता वहिनी," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका. चूक माझी आहे."

तिने हात साडीला पुसले, नीट कोरडे केले, आणि त्याच्यापुढे पसरले.

"खिडकीतलं ते द्या मला," ती म्हणाली. "तिचा लहानपणचा फ्रॉक आहे तो."