आपलंच समजून

थोआने चटणीची वाटी उचलून नवऱ्यासमोर वेगळी ठेवली. मासळीच्या खाऱ्या चटणीची वाटी जेवताना मधोमध एकच असते, सगळं घर तीत बुडवून खातं. लुअनने वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"ही तुझी," ती म्हणाली. "कुठून काय घेऊन आलास ते माझ्या बाळाला नको."

सातव्या महिन्याच्या तपासणीत तिच्या रक्तात ब प्रकारची कावीळ निघाली होती. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, कागदावर मात्र लिहिलेलं. लुअन फळांची होडी घेऊन आठ-आठ दिवस नदीवर असायचा. तिने काय समजायचं ते समजून घेतलं. त्याने शपथा घेतल्या, मग अंथरूण होडीवर हलवलं.

चार दिवसांनी त्याच्या रक्ताचा कागद आला. लस टोचल्याची खूण होती, रोग कधी झाल्याची नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर काढून झालं होतं.

डॉक्टर क्वेन मोठी सडेतोड बाई. तिने आधी वाटीवरून थोआची खरडपट्टी काढली. हा रोग रक्तातून येतो, चटणीतून नाही. मग खुर्ची पुढे ओढून ती समजावू लागली.

"बाकीचे विषाणू दंगा करत शिरतात, अंगातले पहारेकरी जागे होतात. हा मुकाट येतो. यकृताच्या पेशीत शिरला की अंगावरचं कवच काढून टाकतो आणि स्वतःच्या नकला काढायच्या सूचनांचा कागद पेशीच्या तिजोरीत, आपल्याच कागदांमध्ये सरकवून ठेवतो. वर रिकामी टरफलं रक्तात सोडतो, ढिगांनी. पहारेकरी त्यांच्यामागे धावून दमतात."

"पण कळत कसं नाही शरीराला?"

"मोठ्या माणसाच्या शरीराला बहुतेक वेळा कळतं, ते त्याला हाकलून देतं. तान्ह्या बाळाला आपलं कोण, परकं कोण, हे अजून शिकायचं असतं. जन्मापासून घरात आहे म्हणजे आपलंच, असं ते धरून चालतं. तुझं तसंच झालंय. असा रोग बहुतेक आईकडूनच येतो." बाळाला जन्मताच दोन सुया टोचू, घाबरू नकोस, असंही ती म्हणाली. थोआचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कालव्यापलीकडे माहेरी गेली. सेन दारात बदकांना खाणं टाकत होती.

"मावशी," थोआने हाक मारली.

सेन तिची आई. पण थोआ जन्मली तीच मरतुकडी, आणि भुतांचा डोळा असतो तो आईच्या लाडक्या पोरांवर. त्यांना चकवायचं तर पोराने आईला आई म्हणायचंच नाही. त्या मुलखात कितीतरी घरांत हे चालतं. बाप थोआने पाहिलाच नव्हता. या एका बाईने मासळी विकून तिला वाढवलं होतं, आणि जगात तिचा विश्वास होता तो हिच्यावर.

थोआने सगळं सांगितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं," सेन म्हणाली. "माझ्याकडूनच आलं असेल."

"तीस वर्षं? आणि मी नवऱ्याला घराबाहेर काढलं तेव्हाही गप्प बसलीस?"

सेन पुन्हा बदकांना खाणं टाकू लागली. थोआला रडू आलं नाही, नुसता संताप आला. लुअनची थोआ पाय धरून माफी मागायला तयार होती, आणि ही तिची आई असून साधी माफीही मागत नव्हती. निदान आता स्वतःचं रक्त तपासून घे, या रोगाने या वयात यकृताला गाठ होऊ शकते, असं तिने सांगितलं. सेनने बदकांचं कारण काढलं. पुढच्या आठवड्यात बाजाराचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं.

"ठीक आहे," थोआ म्हणाली. "तपासल्याशिवाय बाळ तुझ्या हातात देणार नाही. बाळंतपणालाही इथे येणार नाही."

सेन दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर झाली. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं.

कागद आला तेव्हा डॉक्टर क्वेनने तो दोनदा वाचला.

"यांच्या अंगात हा विषाणू कधी आलेलाच नाही. येऊन गेल्याची खूणसुद्धा नाही."

थोआ हसलीच. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, ती म्हणाली, पुन्हा रक्त घ्या. नर्स नवी सुई आणायला उठलीही.

सेनने वर केलेली बाही हळूच खाली ओढली.

"नको, पोरी. कागद बरोबर आहे," ती म्हणाली. "हा रोग माझ्या थोरल्या बहिणीला होता. तू अकरा दिवसांची होतीस तेव्हा ती गेली."