पूर्वेकडचा कोपरा

"चारशे मोबाइल टॉवरचं कंत्राट, शिवाय रेल्वेशी भागीदारी! डोळे झाकून शेअर घ्या," असं ओगल्यांनी सांगितलं आणि सोसायटीच्या ऑफिसात रोज पेपर वाचायला जमणाऱ्या चौघा निवृत्तांनी ओगल्यांच्या जोडीने त्या वायरलेस कंपनीचे शेअर घेतले.

मग त्याच कंपनीचा माणूस आला. "गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक टॉवर बसवू द्या. भाडंही देऊ."

"त्या लहरींनी कबुतरं मरतात म्हणे," ओगले कडाडले. "आमची नातवंडं आहेत इथे! दुसरीकडे कुठेही उभारा." चौघांनी टाळ्या वाजवल्या. माणूस चहा न घेताच गेला.

दिवाळीनंतर शेअर कोसळला. कंपनीने कारण दिलं होतं: सोसायट्या गच्ची देत नाहीत, त्यामुळे कंत्राट हातचं गेलं.

"असल्या आडमुठ्या लोकांमुळेच देश मागे राहतो हो!" ओगल्यांनी पेपर आपटला. चौघांनी माना डोलावल्या.

शेअर विकून टाकावेत म्हणून ओगल्यांनी ब्रोकरला फोन लावला. लागेना. नेहमीप्रमाणे ते धापा टाकत गच्चीवर गेले. अख्ख्या इमारतीत थोडीफार रेंज यायची ती पूर्वेकडच्या कोपऱ्यातच.

तिथे कबुतरं ठाण मांडून बसली होती आणि जागा द्यायला मुळीच तयार नव्हती.