सरावाचा रेझ्युमे

नोकरीच्या तयारीच्या वर्गातला फोन वाजला की तो स्पीकरवर टाकायचा, हा सरांचा नियम. कंपनीची माणसं कशी बोलतात आणि आपण त्यांच्याशी कसं बोलायचं, हे तीस जणांनी एकदम ऐकलं म्हणजे तेच तीसदा सांगायला नको. म्हणून त्या दुपारी फोन वाजल्यावर सरांनी सवयीनं बटण दाबलं आणि हातातला खडू न ठेवताच म्हणाले, "बोला."

पलीकडून एका बाईंनी आपल्या कंपनीचं नाव सांगितलं आणि मग एका मुलाचं नाव घेतलं. पूर्ण नाव. "यांचा अर्ज आलाय आमच्याकडे. बोलता येईल का त्यांच्याशी?"

वर्गात खसखस पिकली. ते नाव सगळ्यांना तोंडपाठ होतं. सरावाच्या रेझ्युमेवरचं नाव! दर तुकडीला सर तोच एक रेझ्युमे द्यायचे. रेझ्युमे तपासणाऱ्या ऑनलाइन टूलमध्ये टाका, गुण बघा, सुधारा, पुन्हा टाका. पहिल्या दिवशी शंभरात एक्केचाळीस मिळाले तेव्हा पोरं पोट धरून हसली होती. 'मी होतकरू, मेहनती व जबाबदार तरुण आहे,' अशी सुरुवात. "अहो सर, असं तर चोरसुद्धा लिहील," असं मागून कुणीतरी म्हणालं होतं. सरही हसले होते. निदान हसल्यासारखे दिसले होते. कुणी जुना विद्यार्थी असेल, एव्हाना कुठेतरी चिकटलाही असेल, असं सगळे धरून चालले होते.

पहिल्या बाकावरची चिमणी उभी राहिली. एवढीशी चण आणि दिवसभर टकळी, म्हणून हे नाव पडलेलं.

"सर," ती कुजबुजली, "काल ब्याण्णव गुण झाले ना, तेव्हा खाली एका कंपनीची जाहिरात आणि 'अर्ज पाठवा' असं आलं. मला वाटलं, तेही सरावाचंच असेल. दाबलं मी."

सरांनी तिला हातानंच खाली बसवलं. रागावले नाहीत. एरवी एक तारीख चुकली तरी अख्खा तास डोकं खाणारा हा माणूस!

"हॅलो, आहात ना?" बाई म्हणाल्या. "खरं सांगू का, आमच्याकडे अर्ज ढिगानं येतात. सगळे होतकरू, सगळे मेहनती. वाचून वाचून वीट येतो. यांनी मात्र लिहिलंय, 'आमच्या इमारतीत चोवीस घरं. पाण्यावरून रोज भांडणं व्हायची. मी दारोदार जाऊन प्रत्येकाच्या वेळा विचारल्या आणि वेळापत्रक बसवलं. त्यानंतर वर्षभर भांडण नाही.' आम्हाला मालाच्या गाड्यांच्या वेळा लावायला माणूस हवाय. अगदी असाच."

वाक्यं चिमणीची होती, पण माहिती सरांची. गेल्या आठवड्यात तिनंच विचारलं होतं, "सर, नुसता मेहनती म्हणजे काय हो? काहीतरी केलं असेल की यानं." तेव्हा सर फळा पुसत म्हणाले होते, "पाण्याचं वेळापत्रक केलं होतं. घरी बोलणी खायचा त्यावरून. लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय म्हणून." त्याच्या घरातलं बोलणं सरांना कसं ठाऊक, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मुलगा होता तो सरांचा. नोकरी लागेपर्यंत म्हणून मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायला जायचा. दोन वर्षांपूर्वी भर चौकात ट्रकनं उडवला. रेझ्युमे त्याच्या लॅपटॉपवर तसाच राहिला होता. सरांनी त्यातला फोन नंबर काढून वर्गाचा घातला. नाव खोडायचं मात्र त्यांच्या जिवावर आलं.

"मग सोमवारी अकराला पाठवाल त्यांना?" बाईंनी विचारलं.

मागच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या. "लागली, सर! आपल्या गड्याला लागली!" सरांनी ओठांवर बोट ठेवलं. एक क्षण त्यांना वाटलं, हो म्हणून टाकावं. सोमवारपर्यंत तरी पोराला कुठेतरी जायचं असेल. काय वेडं असतं माणसाचं मन!

"अहो, वेळ जमत नसेल तर बदलू आपण," बाई म्हणाल्या. "आपण कोण बोलताय?"

"मी त्याचा बाप," सर म्हणाले. "मी इथे मुलांना रेझ्युमे लिहायला शिकवतो."

'चोरसुद्धा लिहील' म्हणणाऱ्यानं मान खाली घातली. बाई मात्र मनापासून हसल्या.

"तरीच! घरातच मास्तर असल्यावर मुलाला काय कमी?"

सरांनी खडू टेबलावर ठेवला. स्पीकर बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

"नाही हो, ताई," ते म्हणाले. "त्यानं तीनदा विचारलं होतं, बाबा, जरा बघता का? मास्तराच्या पोराला आणि काय शिकवायचं, म्हणून मी एकदाही बघितला नाही. तो गेल्यावर उघडला."