चुलीमागचं फुरसं

मिठागर सरकारजमा झालं, तशी बांधावरची वेणूची झोपडीही गेली. बदल्यात प्लॉट हवा असेल तर तिथे राहत होतीस याचा कागद आण, असं कचेरीने सांगितलं. वेणूकडे ना घरपट्टीची पावती, ना रेशनकार्ड. मग तिला आठवलं, सहा वर्षांपूर्वी चुलीमागे निघालेलं फुरसं तिने न मारता डब्यात कोंडून पनवेलच्या कॉलेजातल्या सरांना नेऊन दिलं होतं.

सरांच्या साप-बेडकांच्या कपाटात ते अजून बाटलीत वेटोळं घालून बसलेलं. बाटलीवर चिठ्ठी होती: 'फुरसे. मिठागराचा बांध, वेणूबाईंची झोपडी, चुलीमागे. १२ जून १९८४.' सरांनी बिचाऱ्यांनी तेच कॉलेजच्या कागदावर उतरवून सहीशिक्क्यानिशी दिलं.

कचेरीतल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला.

"बाई, हा सापाच्या राहण्याचा पुरावा झाला. तुमचा आणा."

"मंग प्लॉट त्याच्याच नावावर करा, सायेब," वेणू म्हणाली. "इतके दिस तो माज्या चुलीमागं रायला. आता मी त्याच्या चुलीमागं रायीन."