मल्लूचा उर्दू धडा

“म्हण रं मल्लू! वकीलसाहेबाला ऐकू दे तुजी उर्दू!” ईश्वरअप्पानं पोराला उचललं अन् पाटावर उभं केलं.

सोमवारची महादेवाची पूजा नुकतीच आटोपली होती. मल्लूच्या कपाळावर विभूतीचे पट्टे अजून ओलेच होते. चारठाण्यातली शेजारपाजारची माणसं जेवायला थांबली होती अन् सतरंजीवर परभणीचे दिनकरराव वकील बसले होते. पोरगं चुणचुणीत निघालं, तर त्याला आपल्या घरी ठेवून परभणीच्या मोठ्या शाळेत घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. नाहीतर मल्लूचं शिक्षण इथंच संपलं.

मल्लूची माय, शांतम्मा, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

गेल्या सालापर्यंत हाच मल्लू व्यंकटराव गुरुजींच्या शाळेत जायचा. तिथं मराठीत शिकवत. पोरगं घरी आलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. पावकी काय, निमकी काय! भाकरी थापणाऱ्या मायला तो हिशेब घालायचा अन् तिला येईना की टाळ्या पिटत नाचायचा. पण हैदराबादच्या निजामी सरकारच्या डोळ्यांत ते खुपलं. परवानगी नाही म्हणे! गुरुजींच्या शाळेला कुलूप ठोकलं. गावात उरली एकच सरकारी शाळा. पुस्तकं उर्दू, मास्तर हैदराबादेकडचा. मास्तरला मराठीचा गंध नाही, पोरांना उर्दूचा नाही. तरी शाळा रोज भरायची, रोज सुटायची. ज्यानं कुणी हा कायदा काढला, त्याची स्वतःची लेकरं कुठं शिकत होती देव जाणे!

मल्लू रोज सकाळी पोट दुखतं म्हणू लागला. मग त्याचं बोलणंच आटलं. शांतम्मा नवऱ्याशी कडाकडा भांडली.

“पोरगं मुकं व्हायलंय तिथं!”

“तुला काय कळतंय? सरकारी नोकरी उर्दूवरच मिळती,” ईश्वरअप्पा म्हणायचा.

अन् एक दिवस मल्लू घरी येऊन चक्क उर्दू बोलला. आख्खं वाक्य, न अडखळता! ईश्वरअप्पाला आभाळ ठेंगणं झालं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती दखनी त्याला येत होती, पण ही जड उर्दू त्याच्या डोक्यावरून गेली. त्यातला ‘तालीम’ हा एवढा शब्द त्यानं ओळखला. म्हणजे शिक्षणाचंच कायतरी हाय! अन् आपल्याला जितकं कमी कळतं तितकं शिक्षण भारी, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून दर सोमवारी पूजेनंतर पाट मांडायचा, मल्लूनं धडा म्हणायचा, लोकांनी वाहवा करायची. शांतम्मा पोराच्या हातावर गूळखोबरं ठेवायची. तिलाही वाटायचं, उघडलं बाई लेकरानं तोंड एकदाचं.

आजही मल्लूनं हात जोडले, डोळे मिटले अन् खणखणीत आवाजात म्हटलं,

“ये तिफ्ल कुंदजेहन है, इसकी तालीम कार-ए-अबस है!”

“वा रं पठ्ठ्या!” शेजाऱ्यांनी दाद दिली.

वकिलांनी दिली नाही. ते पुढं झुकले.

“बाळ, पुन्हा म्हण बरं.”

मल्लूनं पुन्हा म्हटलं. अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

“उच्चार तर अगदी साफ आहेत,” वकील पुटपुटले. “याच्या पुढचं काही येतं?”

मल्लूनं नकारार्थी मान हलवली.

“मग? न्यायचं न्हवं परभणीला?” ईश्वरअप्पानं हसत विचारलं.

“बघू. आधी जेवणं होऊ द्या,” वकील म्हणाले अन् खाली सतरंजीकडं बघत राहिले.

शांतम्माला राहवेना. परक्या पुरुषापुढं ती कधी बोलत नसे. आज ती डोक्यावरचा पदर सावरत थेट सतरंजीपाशी आली.

“साहेब, अदालतीत तुमी काय बोलता ते मला ठावं न्हाई. हितं खरं सांगा. माजं लेकरू काय म्हणलं?”

“वहिनी, राहू द्या.”

“राहू कशाला देऊ? माजं लेकरू हाय. सांगा!”

वकिलांनी शेवटी सांगितलं.

“‘हे पोर मठ्ठ डोक्याचं आहे. याला शिकवणं म्हणजे फुकटचा खटाटोप.’ असा त्याचा अर्थ होतो.”

ईश्वरअप्पाचा चेहरा लालबुंद झाला. चारचौघांपुढं अब्रू गेली म्हणून त्यानं पोरावर हात उगारला. शांतम्मानं तो हात वरच्यावर धरला.

“खबरदार! त्याला कशाला मारता? इतके सोमवार आपुनच टाळ्या पिटल्या न्हवं?” ती पाटापाशी बसली अन् मल्लूला जवळ ओढलं. “राजा, कुणी शिकवलं रं तुला हे?”

मल्लू एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. आज सगळ्यांचं काय बिनसलं, हे त्याला कळेना. तो मायच्या कानाशी लागला अन् हळूच, पण मोठ्या ऐटीत म्हणाला,

“मास्तरनं. रोज मला एकट्याला उभं करून म्हणतेत. बाकीच्या पोरायला न्हाई शिकवत, माय, ह्यो धडा फकस्त माजा हाय.”