तीन टकटक

वरच्या मजल्यावरच्या सुदानी हननचं आश्रय-व्हिसाचं अपील मीच लिहिलं. आख्ख्या वर्गात माझंच इंग्रजी भारी! इथे सौदीत, हुफूफला आमच्याकडे टपाल घरी येत नाही, म्हणून पत्ता अब्बांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सचा टाकला.

"नोटीस निघाली की अठ्ठावीस दिवसांत उत्तर द्यायचं हं," मी तिला ऐटीत बजावलं.

रोज मी शाळेतून आले की ती वरून बाथरूमच्या पाइपवर तीनदा टकटक करायची. म्हणजे, पत्र आलं का? मी खालून एकदाच करायची. म्हणजे, अजून नाही.

आज अब्बांनी पाकीट आणलं. "बॉक्सची किल्ली ऑफिसातल्या हम्मादकडे, आणि तो महिनाभर रत्नागिरीला सुट्टीवर!"

मी पाकीट फोडून नोटिशीच्या तारखेपासून मोजलं. पस्तीस दिवस. तशीच धावत वर गेले, तर दाराला कुलूप.

"उनका इकामा, इधर रहने का परमिट, खलास," वॉचमन म्हणाला. "चार दिन पहले सब को सुदान भेज दिया."

"चार दिन? पण काल दुपारी तर टकटक..."

घरी आले. हात धुवायला बाथरूममध्ये शिरले, तेवढ्यात पाइपवर टकटक झाली. तीनदा.

मी पाकीट पाठीमागे लपवलं आणि एकदाच टकटक केली.