कॉकला हात लावायचा नाही

“आज परीक्षा कोणाची, ते वर गेल्यावर कळेलच,” मास्तर चहा पिता पिता म्हणाले आणि विमान क्लबातले सगळे हसले. त्यांची जुनी शिष्या आज त्यांची परीक्षक होती. तीही हसली, पण कप खाली ठेवताना तिने सांगून टाकलं की ओळखपाळख जमिनीवर, वर नाही.

मास्तरांना तिची मेहेरबानी नकोच होती. त्यांना फक्त लायसन्स हवं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून क्लबात कुजबुज सुरू होती की म्हाताऱ्याला आता खालीच बसवा. ती ‘नाही’ म्हणाली, तर उरलेलं आयुष्य घरी भाजी निवडण्यात जाणार, या धास्तीने त्यांचा आठवडाभर डोळा लागला नव्हता. निघताना बायकोने बजावलं होतं, सांगतील तेवढंच करा, उगाच हुशारी दाखवायला जाऊ नका.

विमान दोन सीटचं, जुनं. दोन्ही सीटांच्या मधे, खाली, पेट्रोलचा कॉक: डावी टाकी, उजवी टाकी, बंद. मेकॅनिकने खिडकीशी येऊन सांगितलं, कॉक डावीवर आहे आणि डावीत पेट्रोल जरा कमीच आहे, वर गेलात की उजवी लावा. दोघांनीही मान डोलावली. हे काय सांगायला लागतं, असं दोघांनाही वाटलं.

वर मास्तरांनी हवी तशी वळणं घेऊन दाखवली. काचेतून ऊन तापायला लागलं तशी तिने टोपी काढली आणि मधल्या जागेत ठेवली, नेमकी कॉकवर. मास्तर मनात हसले. गुरूची विद्या गुरूलाच.

ती टोपी म्हणजे त्यांचीच युक्ती. इंजिन बंद पडल्याची परीक्षा घेताना बाकीचे शिक्षक पॉवरचा दांडा मागे ओढतात. तो दिसतो आणि पोरं सावध होतात. मास्तर कॉकवर टोपी ठेवायचे आणि तिच्याआडून गुपचूप पेट्रोल तोडायचे. केव्हा, ते सांगायचे नाहीत. लहर आली तर स्वतः चालवत असतानाही तोडायचे आणि विमान खाली आणून दाखवायचे. नियम एकच होता. ज्याने बंद केलं, त्यानेच शेवटी चालू करायचं. दुसऱ्याने कॉकला हात लावायचा नाही, काय केलं असतं ते फक्त तोंडाने म्हणायचं. दोघांचे हात एका कॉकवर आले की घोटाळा ठरलेला.

नदी मागे पडली आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग नुसता वाऱ्याचा आवाज उरला.

मास्तर सावरून बसले. वय काहीही असो, परीक्षा ती परीक्षाच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. विमानाचं नाक खाली केलं, वेग धरला आणि एक हात मांडीवर ठेवून पाठ म्हणायला लागले.

“दुसरी टाकी लावली. पंप चालू. स्विच बघितले.”

ती गप्प होती. परीक्षकाने गप्प बसायचं असतं, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

आता जागा. रस्ता त्यांनी लगेच बाद केला, दोन्ही बाजूंना विजेचे खांब आणि खाली गाड्या. नदीकाठची वाळू दिसायला छान, पण चाक रुतलं की विमान उलटणार. डावीकडे कापणी झालेलं लांबच लांब शेत होतं, सपाट, मोकळं. डोळे मिटूनही कोणी तेच निवडलं असतं.

तिथेच गोम होती. तिथे उतरून ‘बरे’ असा शेरा मिळाला असता. मास्तरांना आज ‘बरे’ पुरणार नव्हतं. पुढे, उंच झाडांच्या दोन रांगांमधे, एक छोटं शेत होतं. त्यात शिरायचं तर विमान शेवटी तिरकं घसरवत न्यायला लागतं, आणि त्या कसबासाठी मास्तर एकेकाळी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. जित्याची खोड. बायकोचे शब्द त्यांना आठवले आणि त्यांनी ते बाजूला सारले.

“ते छोटं,” मास्तर म्हणाले.

“मोठं का नाही?” तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मोठ्यात कोणीही उतरेल.”

ती किंचित हसली, शिकत असताना हसायची तशीच. मास्तरांना मनापासून बरं वाटलं. मोठं शेत पंखाखालून मागे गेलं. आता परत वळण्याइतकी उंची राहिली नव्हती, पण एरवीही परत कोणाला वळायचं होतं?

त्यांनी विमान तिरकं केलं. ते सुरेख घसरत खाली आलं. हात अजून विसरले नव्हते आणि त्या आनंदात मास्तरांना क्षणभर परीक्षेचाही विसर पडला.

मग त्यांना चर दिसला. शेताच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्यासाठी खणलेला. वरून तो दिसला नव्हता, निदान त्यांच्या डोळ्यांना तरी नाही. घाम फुटला. यात उतरलो असतो तर दोघांपैकी कोणी चालत घरी गेलं नसतं. एवढ्या एका चुकीवर ती नापास करू शकते, या विचाराने ते कासावीस झाले. पण चाक थोडंच टेकवायचंय, त्यांनी स्वतःला समजावलं. आता ती पेट्रोल चालू करेल, आपण वर जाऊ आणि चर बघितला होता असं ठोकून देऊ.

झाडांचे शेंडे पंखांच्या बरोबरीला आले. मास्तर थांबले. आपण घाबरतो का ते ती बघत असणार. मग पानं वेगवेगळी दिसायला लागली आणि मास्तर खरोखरच घाबरले. पोरगी जरा जास्तच ताणत होती.

“पुरे झालं,” ते म्हणाले. “चालू कर आता.”

ती त्यांच्याकडे वळली.

“मी? मी तर कधीची तुमची वाट बघतेय, मास्तर. बंद तुम्हीच केलंत ना?”